सदोष शस्त्राची हमी कोण देणार?

खंडेनवमीला शेतकरी अवजारे पुजतो, कारागीर हत्यारे पुजतो आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला शस्त्रपूजन होते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे तीनशे वर्षांनंतरही श्रद्धेने जपली जातात. लातूर-नांदेड परिसरातील खेड्यांतून आजही पूजेला मांडण्यापूर्वी विळा, कोयता, कुऱ्हाड घासून-पुसून लख्ख केली जाते. गंजलेले, खिळखिळे झालेले हत्यार कोणी देव्हाऱ्यापुढे ठेवत नाही. ज्या साधनावर आपले जगणे-मरणे अवलंबून आहे ते निर्दोष असले पाहिजे, ही जाणीव या परंपरेच्या मुळाशी आहे.

परंतु साधन नवे कोरे असेल आणि त्यातील दोष वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा नसून कारखान्यातूनच आलेला असेल तर? त्याची जबाबदारी कोणाची? मराठवाड्यातील अनेक घरांतून एक भाऊ शेती करतो आणि दुसरा सैन्यात किंवा निमलष्करी दलात असतो. एकाच्या हाती बियाण्याची पिशवी येते, दुसऱ्याच्या हाती रायफल. दोघांनाही ती वस्तू निवडण्याचा फारसा अधिकार नसतो. तिच्यातील खोट मात्र सर्वप्रथम त्यांनाच भोगावी लागते. म्हणूनच हमीचा, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण वॉरंटी म्हणतो त्याचा, प्रश्न केवळ मिक्सर आणि दूरचित्रवाणी संचापुरता मर्यादित राहत नाही.

कारगिलच्या थंडीत उघडी पडलेली खोट

इन्सास या स्वदेशी रायफलीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिची रचना पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने म्हणजे एआरडीईने केली. उत्पादन ईशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूर येथील आयुध निर्माणींनी केले. ५.५६ मिलिमीटर काडतुसाची ही रायफल १९९० च्या दशकाच्या अखेरीस सैन्याला मिळू लागली आणि थोड्याच काळात, १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या शिखरांवर तिची पहिली मोठी कसोटी लागली.

ही कसोटी कठोर होती. कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझीनला तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. काडतूस अडकत असे. खटका एकदा दाबल्यावर तीन गोळ्या सुटाव्यात अशी रचना असताना कधी कधी गोळ्या सुटतच राहत. गोळीबार करताना जवानाच्या डोळ्यांत तेल उडत असे. समोर शत्रू आणि हातात अडकलेली बंदूक, अशा प्रसंगी जवानाने कोणाकडे दाद मागायची? तरीही भारतीय सैनिकाने शिखरे जिंकली. त्या विजयाचे श्रेय त्याच्या शौर्याचे आहे. रायफलीच्या दोषांवर पांघरूण घालण्यासाठी ते शौर्य वापरणे हा त्या सैनिकाचाच अवमान ठरेल.

पुढे हीच रायफल नेपाळला पुरविण्यात आली. २००५ च्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यातील पिली येथे माओवाद्यांशी झालेल्या लढाईत नेपाळी सैन्याचे ४३ जवान मारले गेले. दीर्घकाळ गोळीबार चालू असताना इन्सास रायफली नीट चालल्या नाहीत, अशी तक्रार नेपाळी सैन्याने उघडपणे केली. त्यावर भारताकडून आलेले उत्तर असे होते की, रायफल योग्य प्रकारे हाताळली गेली नसावी. हे उत्तर प्रत्येक ग्राहकाच्या परिचयाचे आहे. नवा पंप बंद पडला की दुकानदार म्हणतो, ‘तुमचे व्होल्टेज बरोबर नसेल.’ बियाणे उगवले नाही की विक्रेता म्हणतो, ‘पेरणी खोल झाली असेल.’ दोष दाखवणाऱ्याचाच दोष काढला की तक्रारीचा निकाल लागल्यासारखा वाटतो. वस्तू मात्र आहे तशीच राहते.

रायफलीत नंतर सुधारणा झाल्या, सुधारित आवृत्त्याही निघाल्या. पण सैनिकाचा गेलेला विश्वास परत आला नाही. नक्षलग्रस्त भागात तैनात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या हाती २०१५ च्या सुमारास इन्सासऐवजी एके मालिकेतील रायफली देण्यास सुरुवात झाली. सैन्यासाठी २०१९ मध्ये अमेरिकन बनावटीच्या ७२,४०० सिग सॉअर रायफली तातडीची खरेदी म्हणून घ्याव्या लागल्या. स्वदेशी रायफलीतील दोष वेळेवर दूर न झाल्याची किंमत अखेर परकीय खरेदीच्या रूपाने मोजावी लागली.

इतरांनी काय केले?

नव्या शस्त्रात दोष निघणे ही भारताचीच नामुष्की आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनामच्या जंगलात ऐन लढाईत अडकत होती. सैनिकांनी घरी पत्रे लिहिली, आई-वडिलांनी ती लोकप्रतिनिधींपर्यंत आणि वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवली आणि १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला गेला होता, नळीच्या ज्या भागात काडतूस बसते त्याला क्रोमचा मुलामा नव्हता आणि रायफल साफ करण्याचे साहित्यही जवानांना पुरेसे दिले गेले नव्हते. ही कारणे नोंदली गेली, सुधारणा झाल्या आणि त्याच रायफलीच्या पुढच्या आवृत्त्या अनेक दशके वापरात राहिल्या.

ब्रिटनची एसए-८० रायफल १९९१ च्या आखाती युद्धात वाळूपुढे हतबल ठरली. प्रारंभी तेथील संरक्षण खात्यानेही टाळाटाळ केली. परंतु अखेर २००० नंतर जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीकडून सुमारे दोन लाख रायफलींची दुरुस्ती करून घेण्यात आली. दोष मान्य करण्यात राष्ट्राची मानहानी आहे असे त्या देशांनी अखेरीस मानले नाही. आपल्याकडे मात्र शस्त्राच्या दोषाची चर्चा म्हणजे सैन्याचे मनोधैर्य खचविणे, असा समज दीर्घकाळ जोपासला गेला. वास्तविक जवानाचे मनोधैर्य वृत्तपत्रातील लेखाने खचत नाही. ऐन वेळी न चालणाऱ्या खटक्याने ते खचते.

बनवणारा, तपासणारा एकाच छपराखाली

दोष वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे कारण अभियंत्यांच्या अकुशलतेपेक्षा व्यवस्थेच्या रचनेत अधिक होते. रायफल बनवणाऱ्या आयुध निर्माणी संरक्षण मंत्रालयाच्या उत्पादन विभागाखाली होत्या. त्यांचा माल तपासून शिक्का मारणारे गुणवत्ता हमी महासंचालनालयही त्याच विभागाखाली होते. सैन्याने माल प्रामुख्याने याच निर्माणींकडून घ्यायचा, हा रिवाज होता. गिऱ्हाईक बांधलेले, तपासनीस घरचा आणि स्पर्धक नाही, अशा व्यवहारात हमीपत्रावर काहीही लिहिले तरी ते बजावणार कोण? सदोष माल परत आला तरी नुकसान एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात जात असे. कोणाचा पगार थांबत नव्हता, कोणाची मागणी रद्द होत नव्हती.

याची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात भीषण आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. चौकशीत बोट गेले ते स्फोटक द्रव्य पाझरणाऱ्या सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाचे वृत्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०१४ पासूनच्या काळात मुदत संपण्यापूर्वीच निकामी ठरलेल्या दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाले. त्यांपैकी सुमारे ३०३ कोटी रुपये पुलगावच्या घटनेनंतर नष्ट कराव्या लागलेल्या सुरुंगांचे होते. याच कालावधीत ४०३ अपघात आणि २७ मृत्यू घडल्याचे त्यात म्हटले होते. आयुध निर्माणी मंडळाने हे निष्कर्ष अमान्य केले आणि सदोष साठवणूक व हाताळणी यांकडे लक्ष वेधले. कोणाचे म्हणणे किती खरे, हे ठरवणारी तटस्थ यंत्रणाच नव्हती, हा खरा दोष.

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने दाखवलेली वाट

ज्या वर्षी हा अहवाल चर्चेत आला त्याच २०२० च्या खरिपात लातूर, नांदेडसह मराठवाड्यातील शेतकऱ्यांवर वेगळे संकट कोसळले होते. सोयाबीन पेरले, पाऊसही झाला, पण बियाणे उगवलेच नाही. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. येथील शेतकऱ्याच्या वर्षाचे गणित या पिकावर चालते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी खूणचिठ्ठी सोयाबीनची किमान ७० टक्के उगवण गृहीत धरते. ती चिठ्ठी म्हणजेच शेतकऱ्याचे हमीपत्र. प्रत्यक्षात अनेक शेतांतून तासेच्या तासे मोकळी राहिली आणि दुबार पेरणीची वेळ आली. तक्रारी खासगी कंपन्यांविरुद्ध होत्या, तशा राज्य शासनाच्या ‘महाबीज’विरुद्धही होत्या.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि जबाबदार कंपन्यांवर गुन्हे नोंदविण्याचे निर्देश दिले. हे शक्य झाले, कारण दोषाची नोंद होत होती. बियाण्याचा लॉट क्रमांक, खरेदीची पावती, तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची शेतावर येऊन केलेली पाहणी, पंचनामा, अशी कागदांची साखळी तयार झाली होती. ज्यांच्याकडे ती होती त्यांचा दावा टिकण्यासारखा होता. ज्यांनी पावती न घेता बियाणे आणले त्यांच्या हाती हळहळण्यापलीकडे काही उरले नाही.

कायद्याची बाजूही शेतकऱ्याकडे होती. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले होते की, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा अस्तित्वात असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. सर्व बियाणे पेरून टाकल्यावर प्रयोगशाळेत तपासायला नमुना कोठून आणणार, या कंपन्यांच्या आवडत्या युक्तिवादालाही न्यायालयाने भीक घातली नाही. शेतकरी नमुना राखून ठेवेल अशी अपेक्षा धरता येत नाही, असेच त्या निर्णयाचे सार आहे. विशेष म्हणजे येथे हरलेली संस्था केंद्र सरकारची होती. सरकारने बनवलेली वस्तूही सदोष असू शकते आणि सरकारलाही भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

हा अधिकार आकाशातून पडला नाही. गोवामुक्तीच्या लढ्यातील सेनानी बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ‘ग्राहकाचा हक्क’ हा शब्दप्रयोगही अनेकांना अपरिचित होता. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वजन-मापातील फसवणुकीपासून काम सुरू करून कायद्याच्या मागणीपर्यंत ते नेले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याने सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरणच जोडले.

परवानाधारकाने काय करावे?

या कायद्याचा उपयोग बंदुकीच्या बाबतीतही होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बँकेच्या दारावर उभा असलेला माजी सैनिक स्वतःच्या परवान्यावर घेतलेली बंदूक खांद्याला लावून नोकरी करतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेणारे शेतकरी आहेत. नव्या बंदुकीचे काडतूस वारंवार अडकू लागले, खटका ओढूनही बार उडेना किंवा सेफ्टी लावूनही खटका सरकू लागला, तर पहिला नियम एकच. ती वापरणे त्याच क्षणी थांबवावे आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून ती रिकामी करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे गावातल्या मिस्त्रीकडे ती नेऊ नये. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो. शिवाय अनधिकृत हात लागला की उत्पादकाला ‘दोष आमचा नव्हे’ असे म्हणण्याची आयती सोय होते. परवाना सोबत घेऊन बंदूक अधिकृत विक्रेत्याकडेच न्यावी, दोषाचे लेखी वर्णन द्यावे आणि बंदुकीचा क्रमांक व तारीख असलेली पोच घ्यावी. काडतुसांची पावतीही जपावी, कारण दोष बंदुकीचा की काडतुसाचा, हा वाद हमखास निघतो. हमीपत्रातील मुदत आणि अटी खरेदीच्या दिवशीच वाचाव्यात. तोंडी आश्वासनावर महिने घालवू नयेत.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर लातूर किंवा नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. नव्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. उत्पादकाच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आवश्यक तेथे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून तपासणी करून घेऊ शकतो आणि दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली, किंमत परत व नुकसानभरपाई असे आदेश देऊ शकतो. वस्तू शासकीय निर्माणीची आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

जवानाची तक्रार कोण ऐकणार?

अडचण आहे ती गणवेशातल्या भावाची. तो रायफल विकत घेत नाही, ती त्याला दिली जाते. सैनिकी शिस्तीत त्याची तक्रार वरिष्ठांमार्फतच पुढे जाते आणि ते योग्यच आहे. म्हणूनच त्याच्या वतीने हमी वसूल करण्याचे काम शासनाने आणि संसदेने केले पाहिजे.

या दिशेने काही पावले निश्चित पडली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या आणि त्याच वर्षी विजयादशमीच्या दिवशी पंतप्रधानांनी त्या राष्ट्राला अर्पण केल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे, रायफलींच्या कंपनीचे कानपूरला. गुणवत्ता हमी महासंचालनालयाचीही २०२४ मध्ये फेररचना झाली. आता मागणी मिळवण्यासाठी या कंपन्यांना माल चांगला द्यावा लागेल, ही अपेक्षा आहे. परंतु पाटी बदलल्याने माल सुधारत नाही. सदोष मालाचा भुर्दंड करारानुसार खरोखर उत्पादकाकडून वसूल झाला तरच सुधारणा अंगी मुरते.

याचे एक उदाहरण लातूरच्याच मातीत आहे. येथील रेल्वे डबा कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बनवण्याचा जो करार २०२३ मध्ये झाला, त्यात १२० गाड्यांच्या निर्मितीबरोबरच ३५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही उत्पादकावर आहे. जो बनवील त्यानेच पस्तीस वर्षे सांभाळायचे, ही अट असली की कारखान्यातला साधा नटही घट्ट बसतो. रेल्वेच्या डब्याला लावलेला हा न्याय जवानाच्या रायफलीला का लावू नये?

काही सज्जन म्हणतील की, अशा चर्चेने स्वदेशीची हानी होते. उलट आहे. ज्या एआरडीईने इन्सास दिली त्याच संस्थेने पिनाका ही अग्निबाण प्रणालीही दिली. कारगिलच्या काळातच तिचीही चाचणी झाली. पुढे चाचण्या, वापरणाऱ्यांच्या सूचना आणि खासगी उद्योगांचा सहभाग यांतून ती अशी परिपक्व झाली की, आर्मेनियासारख्या देशाने ती विकत घेतली. देशातील बुद्धीत खोट नाही, हे त्यावरून सिद्ध होते. स्वदेशी म्हणजे आपल्या माणसाने बनवलेले एवढेच नव्हे. आपल्या माणसाला फसवणार नाही असेही त्यात अभिप्रेत आहे. खोट्या मालाला स्वदेशीचा टिळा लावणारा माणूस परकीय विक्रेत्याचाच मार्ग मोकळा करत असतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक रायफलीला क्रमांक असतोच. त्या क्रमांकाशी आणि उत्पादनाच्या लॉटशी जोडलेली दोषांची नोंद ठेवली जावी. गोपनीयता सांभाळून तिचा वार्षिक गोषवारा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावा. तपासणारा बनवणाऱ्याच्या अधीन नसावा. हमीच्या मुदतीत निघालेला दोष उत्पादकाने स्वखर्चाने दूर करावा. दूर होत नसेल तर संपूर्ण लॉट बदलून द्यावा. आणि दोष कळवणाऱ्या जवानाची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत कुरकुर्‍या म्हणून नव्हे, दक्ष सैनिक म्हणून व्हावी.

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने न उगवलेल्या बियाण्याची पावती जपून ठेवली आणि त्यासाठी तो उच्च न्यायालयापर्यंत ऐकला गेला. सीमेवर उभ्या असलेल्या त्याच्या भावाकडे अशी पावती नाही. ती आपण नागरिकांनी, आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत, त्याच्या वतीने जपली पाहिजे आणि वेळ येताच सरकारपुढे ठेवली पाहिजे.